डिझेल-इलेक्ट्रिक बुलडोझर घेताय? या चुका टाळा

डिझेल-इलेक्ट्रिक डोझरचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: बॅटरी किती वर्षं टिकते? आज बाजारात असलेल्या या यंत्रांत ट्रॅक ओढणारी बॅटरी नसतेच. इंजिन जनरेटर फिरवतं, इन्व्हर्टर मोटरला हवी तशी वीज पुरवतो आणि मोटर फायनल ड्राइव्हमार्फत, म्हणजे ट्रॅकजवळच्या शेवटच्या गिअरमार्फत, ट्रॅक फिरवते. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनचा जोर तेलातून पुढे देणारा भाग) आणि गिअर बदलणारी ट्रान्समिशन मधून गेली, बाकी डोझर तोच. २४ व्होल्टची बॅटरी असते ती स्टार्टर आणि कंट्रोलरपुरती.

कल्पनाही जुनी आहे. सोव्हिएत काळात चेल्याबिन्स्कच्या कारखान्यातला डीईटी-२५० ट्रॅक्टर डीसी जनरेटर आणि डीसी मोटरवर चालायचा. कॅटरपिलरने २००८ मध्ये डी७ई दाखवला, ४८० व्होल्टच्या एसी जनरेटरवर चालणारा. पुढे त्याच कंपनीने नव्या डी७ मध्ये पुन्हा चार गिअरची यांत्रिक ट्रान्समिशन बसवली आणि इलेक्ट्रिक ड्राइव्ह डी६ एक्सईमध्ये नेला. ज्यांनी हे यंत्र घडवलं त्यांनीही ते सरसकट सगळीकडे लावलेलं नाही, हे माहितीपत्रक वाचताना लक्षात असू द्या.

चूक: ‘इलेक्ट्रिक म्हणजे कमी गळती’ असं धरून चालणं

जनरेटर ९४ टक्के, इन्व्हर्टर ९७ टक्के, मोटर ९३ टक्के. गुणाकार केला तर हाती ८५ टक्केच येतात. लॉक-अप क्लच लागलेली (म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर न घसरता थेट जोडलेली) यांत्रिक ट्रान्समिशन याहून कमी शक्ती वाया घालवते. मग डिझेल वाचतं कुठे? ब्लेडपुढे ढीग साचून डोझर चालण्याच्या वेगाहून हळू सरकत असतो तेव्हा. त्या वेळी टॉर्क कन्व्हर्टर घसरत असतो आणि इंजिनची शक्ती तेल तापवण्यात जाते. ट्रॅक पूर्ण अडला तर कन्व्हर्टरची कार्यक्षमता शून्य. मोटर मात्र याच कमी वेगाला पूर्ण टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते, गिअर बदलताना ओढ तुटत नाही आणि इंजिन एका अरुंद आरपीएम पट्ट्यात निवांत चालतं.

म्हणजे बचत कामाच्या जातीवर ठरते. कठीण मुरूम रिपरने (मागच्या नांगरासारख्या दातांनी) फोडून ५०-६० मीटर ढकलायचा असेल तर बचत भरपूर. भरावावर १५ सेंटीमीटरचा थर पसरवून फिनिशिंग करायचं असेल तर थोडी. इंजिन चालू ठेवून ऑपरेटर डंपरची वाट बघत बसला असेल तर जवळपास काहीच नाही.

ब्रेक मारताना वीज परत मिळते, हा युक्तिवादही डोझरला फारसा लागू पडत नाही. वेग कमी, ट्रॅकचं घर्षण जास्त. पाय काढला की यंत्र जागेवरच थांबतं. उतारावर थोडी वीज तयार होते, ती जनरेटर उलटा चालवून इंजिनच्या अंगावर टाकता येते किंवा रेझिस्टरमध्ये जाळता येते. तेवढ्यासाठी महागडी बॅटरी बसवणं परवडत नाही.

चूक: तासाला किती लिटर, एवढंच बघणं

समजा जुना डोझर तासाला २२ लिटर पितो आणि ६० ब्रास मुरूम सरकवतो. इलेक्ट्रिक ड्राइव्हचा १९.५ लिटर घेतो आणि ६४ ब्रास सरकवतो. तासाच्या हिशोबाने बचत ११ टक्के, ब्रासच्या हिशोबाने १७. बिल ब्रासवर निघत असेल तर दुसरा आकडा तुमचा. डोझर तासावर भाड्याने देत असाल तर जादा ब्रासचा फायदा समोरच्याच्या खिशात जातो.

चाचणी घेताना दोन्ही यंत्रं एकाच पट्ट्यात, एकाच ऑपरेटरकडून, किमान एक पूर्ण पाळी चालवा. सपाट जागेवर टाकी काठोकाठ भरून सुरुवात, त्याच जागी पुन्हा भरून शेवट. माल लेव्हल घेऊन खड्ड्यात मोजा, ढिगात नको. सुटा झालेला मुरूम पाव पट ते तीस टक्के फुगलेला असतो, आणि या फुगवट्यात सगळी बचत लपून जाते.

आता रुपये. वर्ग २०-२५ टनांचा, डिझेल ९० रुपये लिटर आणि यांत्रिक डोझरपेक्षा किंमत ४० लाखांनी जास्त असं उदाहरणादाखल धरू. २२ लिटरवर २० टक्के बचत धरली तर तासाला ४.४ लिटर, ३९६ रुपये. वर्षाला १२०० तास काम असेल तर पावणेपाच लाख. पण त्या ४० लाखांवर १० टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याजच ४ लाख. उरले ७५ हजार, म्हणजे मुद्दल फिटायला हयात जाईल. तेच यंत्र २५०० तास चाललं तर बचत ९ लाख ९० हजार, आणि मग गणित जमतं.

पुण्याच्या आसपास इथेच घोडं अडतं. खोदाई आणि भरणी पोकलेन-डंपर करतात, डोझरच्या वाट्याला थर पसरवणं आणि सपाटीकरण येतं; पावसाळ्यात काळ्या मातीत कामच थांबतं. प्लॉटिंग आणि रस्त्याच्या किरकोळ कामांवर वर्षाला २५०० तास भरणं कठीण. मोठा भराव किंवा खाणीतलं दोन पाळ्यांचं काम हातात असेल तरच जादा पैसे मोजावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

चूक: मोटर किलोवॅटवर निवडणं

हा भाग अशा ड्राइव्हचं डिझाइन करणाऱ्यांसाठी आणि जुन्या डोझरवर प्रयोग करणाऱ्या महाविद्यालयीन चमूंसाठी.

यंत्राचं वजन २५ टन म्हणजे सुमारे २४५ किलोन्यूटन. घट्ट जमिनीवर पकडीचा गुणांक ०.९ धरला तर जास्तीत जास्त ओढ २२० किलोन्यूटन. ट्रॅकपाशी १३० किलोवॅट पोचत असतील तर या ओढीला वेग निघतो सेकंदाला ०.५९ मीटर, म्हणजे ताशी २.१ किलोमीटर. उलट येताना डोझरला ताशी ११ किलोमीटर हवे असतात. तेव्हा मोटरने २.१ पासून ११ पर्यंत, पाचपटीहून जास्त वेगपट्ट्यात पूर्ण शक्ती द्यायला हवी. साधी इंडक्शन मोटर एवढा पट्टा सहसा पेलत नाही. मोटरचं आकारमान आणि किंमत टॉर्कवर ठरते, त्यामुळे गिअर टाळायचा तर मोटर आणि इन्व्हर्टर दोन्ही दांडगे घ्यावे लागतात. पर्याय दोन: दोन वेगांचा साधा गिअर घालणं, किंवा रुंद पट्टा देणारी स्विच्ड रिलक्टन्स मोटर वापरून तिचा आवाज आणि कंट्रोलची कटकट सोसणं.

प्रत्येक ट्रॅकला स्वतंत्र मोटर ही रचना कागदावर सुटसुटीत दिसते. वळताना मात्र बाहेरच्या ट्रॅकवर जवळपास सगळा भार येतो, म्हणून दोन्ही मोटरी निम्म्या शक्तीच्या घेऊन भागत नाही. डी७ई मध्ये दोन मोटरी एकाच ड्राइव्हला जोडून स्टिअरिंग डिफरेन्शियलवर (दोन ट्रॅकमध्ये शक्ती वाटून वळवणाऱ्या गिअरवर) सोपवलं होतं, त्याचं कारण हेच. गिअर वाढतात, पण इन्व्हर्टरचा खर्च आटोक्यात राहतो.

चूक: एकच रेडिएटर

इंजिनचं कूलंट ९५ अंशांना खुशाल चालतं. इन्व्हर्टरला ६५ च्या आसपास हवं. मे महिन्यात बाहेर ४१ अंश आणि इंजिनकडून येणारी गरम हवा धरून रेडिएटरपाशी ४५ झाले, तर इंजिनला ५० अंशांचा फरक मिळतो, इन्व्हर्टरला फक्त २०. वर काढलेली १५ टक्के गळती म्हणजे २०-२५ किलोवॅट उष्णता, ती एवढ्याशा फरकावर बाहेर टाकायची. म्हणून सर्किट वेगळं, पंप वेगळा आणि रेडिएटर हवेच्या वाटेत सगळ्यात पुढे. पुढे असल्यामुळे मुरमाची धूळही आधी तोच खातो.

सकाळी जोमात चालणारा डोझर दुपारी बाराला मरगळतो, एरर येत नाही, संध्याकाळी पुन्हा ठीक होतो, अशी तक्रार आली की मोटर उघडू नका. यंत्राने स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती कमी केलेली असते. रेडिएटरची जाळी हवेच्या उलट दिशेने, ३० पीएसआयच्या आत ठेवलेल्या हवेने साफ करा; जास्त दाबाने पात्या वाकतात. मग पंप आणि कूलंटची पातळी. कूलंटमध्ये बोअरचं पाणी मिसळलं असेल तर आपल्याकडच्या जड पाण्याचा थर ॲल्युमिनियमच्या कूलिंग प्लेटमध्ये बसतो आणि तो काढणं जवळपास अशक्य असतं. तयार मिसळलेलं कूलंट घ्या, नाहीतर डिस्टिल्ड पाणी.

चूक: प्रत्येक फॉल्टला इन्व्हर्टर दोषी ठरवणं

अधूनमधून येणारे, एकमेकांशी संबंध नसलेले फॉल्ट दिसले तर आधी २४ व्होल्टकडे बघा. स्टार्टर फिरताना व्होल्टेज १८ च्या खाली जात असेल तर कंट्रोलर मध्येच रिसेट होतात आणि दोष ड्राइव्हवर येतो. टर्मिनल, अर्थची पट्टी, बॅटरी या क्रमाने तपासा. हजार-दोन हजारात काम होतं.

पाऊस पडून गेल्यावर सकाळी इन्सुलेशन फॉल्ट येत असेल तर बहुतेक वेळा कनेक्टरमध्ये ओल असते. आदल्या दिवशी वॉशिंगवाल्याने नारिंगी (जास्त व्होल्टेजच्या) केबलच्या तोंडावर प्रेशर जेट मारला होता का, ते विचारा. तपासणीचा क्रम असा: इंजिन बंद, मेन डिस्कनेक्ट काढून कुलूप, कॅपॅसिटरमधली साठलेली वीज उतरायला मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ, १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालून मीटरने खात्री. डीसी बस (जनरेटर आणि मोटर यांच्यामधली इन्व्हर्टरची डीसी लाइन) ६० व्होल्टच्या खाली दिसल्याशिवाय हात घालायचा नाही. त्यानंतर मोटरच्या केबल इन्व्हर्टरपासून सोडवून मगच ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावा. मेगर इन्व्हर्टरसकट लावला की ओल राहते बाजूला आणि आतले आयजीबीटी (वीज चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) जातात. काही हजारांचं काम लाखांवर पोचतं. रीडिंग ५ मेगाओहमच्या खाली असेल तर मोटर सुकवा आणि पुन्हा मोजा.

मोटरच्या बेअरिंगमधून गुरगुर येत असेल तर नवीन बेअरिंग टाकण्याआधी जुन्याच्या धावेवर बारीक आडव्या रेघा आहेत का पाहा. त्या ग्रीसमुळे उमटत नाहीत. इन्व्हर्टरमुळे शाफ्टवर येणारं व्होल्टेज बेअरिंगमधून जमिनीकडे वाट काढतं. शाफ्टची वीज चासीकडे नेणारा अर्थिंग ब्रश झिजला असेल तर तो बदला, नाहीतर नवीन बेअरिंगही तशीच जाईल.

चूक: वेल्डिंगवाल्याला मोकळं सोडणं

ब्लेडची कडा किंवा रिपरचा दात भरायला भोसरीतून वेल्डर येतो, अर्थचा चिमटा ट्रॅकला लावतो आणि ब्लेडवर काम सुरू करतो. करंट बेअरिंग, पिन आणि चासीतून फिरून येतो. चिमटा वेल्डपासून हातभर अंतरात, त्याच तुकड्यावर लागला पाहिजे. बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेले कंट्रोलरचे प्लग सोडवा.

चूक: देखभालीचा खर्च निम्मा धरणं

ट्रान्समिशनचं तेल, क्लच आणि पट्टे कमी झाले हे खरं. पण डोझरच्या देखभालीचा जवळपास निम्मा पैसा अंडरकॅरेज (ट्रॅक आणि त्याखालचे रोलर वगैरे) खातं, आणि त्याला वीज कुठून आली याच्याशी देणंघेणं नसतं. उलट सलग टॉर्क मिळाल्याने नवखा ऑपरेटर ट्रॅक जागेवर फिरवत राहतो. ओल्या काळ्या मातीत पकडीचा गुणांक ०.५ च्या आसपास येतो, वरची २२० किलोन्यूटन ओढ १२० वर येते, आणि मोटर मात्र पूर्ण जोर लावायला तयारच असते. ट्रॅक घसरायला लागला की ब्लेड दोन इंच उचलायचं, ही सवय ऑपरेटरला पहिल्या आठवड्यातच लावा. उलट दिशेने वेगात येण्यावरही लगाम हवा. ट्रॅकच्या साखळीतले बुश त्यानेच जास्त झिजतात.

खरेदीच्या करारात तीन गोष्टी लेखी घ्या: फॉल्ट वाचण्याच्या सॉफ्टवेअरचा परवाना कोणाकडे राहणार, इन्व्हर्टर आणि जनरेटरची वॉरंटी किती तासांची, आणि हे भाग पुण्यात पोचायला किती दिवस. तिसऱ्याचं उत्तर ‘बघून सांगतो’ असं आलं तर यंत्र बंद राहण्याच्या दिवसांचं भाडं किमतीच्या फरकात मिळवा आणि वरचं गणित पुन्हा करा.