वॉव क्लासिकमध्ये पहिला क्लास निवडण्याआधी

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक (वॉव क्लासिक) या ऑनलाइन खेळात क्लास, म्हणजे तुमच्या पात्राचा प्रकार, एकदा निवडला की बदलता येत नाही. वेगळे पैसे भरायची तयारी असली तरी नाही. क्लास नऊ, लेव्हल साठ, आणि नोकरी सांभाळून खेळणाऱ्याला साठपर्यंत पोचायला महिने लागतात. त्यामुळे कॅरेक्टर तयार करायचा स्क्रीन उघडण्याआधी थोडी तयारी करा. सब्स्क्रिप्शन, डाउनलोड, बरा माउस यांबद्दल मी काही सांगत नाही, ते तुम्हाला कळतं.

आधी कागदावर एक प्रश्न लिहा: साठाव्या लेव्हलला, चाळीस जणांनी मिळून करायच्या मोठ्या लढाईत, म्हणजे रेडमध्ये, हा क्लास कोणतं काम करतो? दहाव्या लेव्हलला काय करतो, ट्रेलरमध्ये कसा दिसतो, हे प्रश्न नंतरचे. मागच्या खेपेला हेच विचारायचं राहिलं. मी पॅलाडिन घेतला, कारण मला दोन हातांनी धरायचा मोठा हातोडा हवा होता. लेव्हल वाढवताना हातोडा चालला. चाळिसाव्या लेव्हलला प्लेटचं चिलखत घालता यायला लागलं, मंत्राने घोडाही जवळजवळ फुकट मिळाला. साठला पोचल्यावर गिल्डने, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांच्या गटाने, सांगितलं, तू हीलर, इतरांना बरं करणारा. क्लासिकच्या पॅलाडिनला शत्रूला स्वतःकडे ओढणारा टाँट नाही, म्हणून तो मुख्य टँक, म्हणजे शत्रूचा मार अंगावर घेणारा, होत नाही. हातोड्याचं डॅमेज वॉरियर आणि रोग या दुसऱ्या क्लासच्या जवळपासही जात नाही. रेडला त्याच्याकडून हीलिंग हवं असतं आणि ब्लेसिंग, म्हणजे साथीदारांची ताकद वाढवणारे मंत्र, हवे असतात, आणि साधे ब्लेसिंग पाच मिनिटांत संपतात, म्हणून सतत लावत बसायचं. हीलिंग वाढवणारं प्लेट इतकं कमी मिळतं की बरेच पॅलाडिन रेडमध्ये कापडी झगा घालून उभे असतात. हीलिंग हे फार मोलाचं काम आहे, ज्यांना आवडतं त्यांनी पॅलाडिन जरूर घ्यावा. मला ते नको होतं, आणि हे साठव्या लेव्हलला कळून काही उपयोग नव्हता.

म्हणून प्रत्येक क्लासपुढे तोच प्रश्न ठेवा. प्रीस्ट: लेव्हल वाढवताना वाँड (जादूची कांडी) आणि मारा करणारे शॅडोचे मंत्र, साठला हीलिंग. शॅडो प्रीस्टला रेडमध्ये एखादी जागा असते, ती तुम्हालाच मिळेल असं धरू नका. ड्रुइड दहाव्या लेव्हलला अस्वल होतो, विसाव्याला मांजर, दोन्ही रूपांत खेळायला मजा येते. साठला मात्र बहुतेक गिल्ड त्याला हीलर म्हणूनच घेतात, शिवाय लढाई चालू असताना मेलेल्याला उठवण्यासाठी. शमन: टोटेम (जमिनीत रोवायचे मंत्राचे खांब) आणि हीलिंग. टोटेमचा फायदा त्याच्या पाच जणांच्या पार्टीपुरताच, म्हणून शस्त्राला जादा वार देणाऱ्या विंडफ्युरी टोटेमसाठी त्याला वॉरियर-रोगांच्या पार्टीत बसवतात. स्वतः कुऱ्हाड घेऊन पुढे जायचं असेल तर शमन घेण्याआधी पुन्हा विचार करा. हे चारही क्लास ‘मला हीलिंग आवडतं का’ याचं उत्तर हो असेल तरच.

रीस्पेक करता येतो, म्हणजे टॅलेंट (लेव्हलसोबत निवडायची कौशल्यं) बदलून घेता येतात, हे खरं आहे. ट्रेनरकडे पहिल्यांदा एक सोन्याचं नाणं लागतं, मग रक्कम वाढत पन्नासपर्यंत जाते. पण त्याने टॅलेंट बदलतात, क्लास तोच राहतो. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

ज्यांना नुसतं डॅमेज करायचं आहे त्यांच्यासाठी मेज, रोग, हंटर, वॉरलॉक. मेजला कायम मागणी, कारण पाणी-खाणं तोच बनवतो आणि पोर्टल तोच उघडतो. पण आगीचे मंत्र आवडतात म्हणून घेणार असाल तर ऐका: मोल्टन कोर या रेडमधल्या बऱ्याच शत्रूंवर आग चालत नाही, तिथे बर्फानेच खेळावं लागतं. वॉरलॉकचंही तसंच. शत्रूला शापांनी हळूहळू संपवणं ही लेव्हल वाढवतानाची त्याची खरी मजा, पण क्लासिक २०१९ मध्ये सुरू झाला तेव्हा एका शत्रूवर एकूण सोळाच डीबफ (शाप, विषं असे शत्रूला लागलेले परिणाम) राहू शकायचे आणि त्यात चाळीस जणांचा वाटा असायचा. तुमचे आवडते शाप लावू नका असं रेड लीडर सांगायचे. वॉरलॉकच्या मंत्रांना लागणारे सोल शार्ड गोळा करणं वेगळंच, प्रत्येक शार्ड बॅगेतली एक जागा खातो. रोगचं काम साधं, पण त्या जागेसाठी गर्दी. हंटर एकट्याने खेळायला सगळ्यांत सोपा, दहाव्या लेव्हलपासून सोबतीला प्राणी. रेडमध्ये मॅगमाडार नावाचा मोठा शत्रू पिसाळला की ट्रँक्विलायझिंग शॉटने त्याला शांत करायचं कामही हंटरचंच. फक्त शत्रू अगदी जवळ आला की बाणही लागत नाही आणि हातातलं शस्त्रही पोचत नाही असा एक पट्टा आहे, त्याची सवय करावी लागते.

वॉरियरबद्दल वेगळं सांगतो. एकट्याने साठपर्यंत नेणं सगळ्यांत कष्टाचं: स्वतःला बरं करता येत नाही, चांगलं शस्त्र नसेल तर एकेक शत्रू अंगावर येतो. आणि साठला तोच मुख्य टँक, तोच डॅमेजमध्येही वर. दहाव्या लेव्हलला वॉरियर कंटाळवाणा म्हणून टाकून देणाऱ्यांनी आणि पॅलाडिन भारी म्हणून घेणाऱ्यांनी, दोघांनीही चुकीची लेव्हल बघितलेली असते. साठची बघा.

दुसरी गोष्ट मित्रांची. ते कोणत्या सर्व्हरवर आणि कोणत्या बाजूला आहेत ते आधी विचारा. क्लासिकमध्ये पॅलाडिन फक्त अलायन्सकडे, शमन फक्त होर्डकडे, आणि दोन बाजूंना एकत्र खेळता येत नाही, बोलताही येत नाही. पाच जणांच्या छोट्या मोहिमेला, म्हणजे डंजनला, एक टँक, एक हीलर, तीन डॅमेजवाले लागतात. चार मित्रांनी मेज घेतले असतील तर पाचवा मेज घेऊ नका.

वेळ. भारतात सर्व्हर नाही. युरोपातल्या सर्व्हरवर रात्री आठचा रेड म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात साडेबारा, उन्हाळ्यात साडेअकरा. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री आठ म्हणजे आपल्याकडे दुपारचे अडीच किंवा साडेतीन, म्हणजे नोकरदाराला रविवारशिवाय जमणार नाही. टँक आणि हीलर मध्येच उठले की सगळे मरतात. घरात लहान मूल असेल, वीज जात असेल, पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) वर-खाली होत असेल तर डॅमेजवाला क्लास घ्या, त्यात कमीपणा नाही.

वंश: ड्रुइड फक्त नाइट एल्फ किंवा टॉरेन, पॅलाडिन फक्त माणूस किंवा ड्वार्फ. अलायन्सचा प्रीस्ट घेणार असाल तर ड्वार्फ घ्या, भीतीचा मंत्र अडवणारा फिअर वॉर्ड त्याच्याकडेच आहे. बाकी दिसायला आवडेल तो.

दोन-तीन क्लास दहा-बारा लेव्हलपर्यंत खेळून बघा. दहाच्या आधी टॅलेंट नसतात, त्यामुळे त्याआधी मत बनवू नका. आणि बारावर आवडला तरी कागदावरचा प्रश्न त्याच्यापुढे ठेवा. उत्तर माहीत नसेल तर ज्या गिल्डमध्ये जायचंय तिथे सरळ विचारा: हा क्लास घेतला तर साठला मला कोणतं काम द्याल? जे काम सांगतील ते आठवड्यातून दोन रात्री करायला आवडणार नसेल तर तो क्लास सोडा.

व्यवसाय हवे ते घ्या, बॅगा मोठ्या घ्या, चाळिसाव्या लेव्हलच्या घोड्यासाठी सोनं साठवा. नाव टाइप करा. ‘क्रिएट’ दाबण्याआधी कागद एकदा बघा.