जिरोकास्तरला निघण्यापूर्वी

आधी व्हिसा बघा. तो चुकला तर बाकीची तयारी फुकट जाते. दक्षिण अल्बानियातलं हे डोंगरउतारावरचं दगडी गाव युरोपात आहे, पण अल्बानिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. भारतीय पासपोर्टवर एकदा वापरलेला आणि मुदत शिल्लक असलेला मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसा असेल, तर सहसा वेगळा व्हिसा लागत नाही. नसेल तर ई-व्हिसा काढावा लागतो. नियम बदलत असतात, म्हणून तिकिटं काढण्याआधी अल्बानियाच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्या. फसगत बहुतेक वेळा परतताना होते. शेजारच्या ग्रीसमार्गे येत असाल आणि शेंगेन व्हिसा सिंगल एंट्री, म्हणजे एकदाच आत सोडणारा असेल, तर ग्रीसमधून बाहेर पडलात की तो व्हिसा तिथेच संपला. मग परतीचं विमान अथेन्सहून असलं तरी ग्रीसमध्ये पाऊल ठेवता येत नाही. तेव्हा अर्जातच मल्टिपल मागा, कार्यक्रमात अल्बानियाचे दिवस दाखवा आणि पासपोर्ट हातात आला की स्टिकरवरचा एंट्रीचा रकाना वाचा. तिथे ‘01’ असेल तर बेत बदला.

प्रवास विमा फक्त शेंगेनपुरता आहे की अल्बानियाही त्यात येतो, हे पॉलिसीत शोधा. तीच गोष्ट ई-सिमची: ‘युरोप’ नावाच्या कित्येक पॅकमध्ये अल्बानिया नसतो. नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

पैसे रोखच लागतात. चलन लेक; एका युरोला साधारण 100 लेक धरून चाला. भारतात लेक मिळत नाहीत, म्हणून युरो न्यायचे आणि तिथे बदलायचे. एटीएममधून काढलेत तर बऱ्याच बँका दरवेळी वेगळं शुल्क कापतात, त्यामुळे थोडेथोडे काढू नका. आणखी एक घोळ म्हणजे जुने लेक. 1965 मध्ये चलनातलं एक शून्य गेलं, पण बोलताना अजूनही अनेकजण जुन्या हिशेबाने किंमत सांगतात. कॉफीचे ‘हजार’ ऐकून दचकू नका, ते 100 असतात. मात्र टॅक्सीत बसण्याआधी आकडा कागदावर किंवा फोनवर लिहून घ्या.

सामान हा इथला सगळ्यात मोठा मुद्दा. किनाऱ्यावरच्या सारांद या बंदराच्या गावाहून बस साधारण दीड तासात येते, राजधानी तिरानाहून चारेक तास लागतात. पण बस सोडते ती खाली हमरस्त्यावर, नव्या वस्तीत. जुनं गाव तिथून वर, चांगल्या चढावर आहे. बाजारातल्या गल्ल्यांची फरसबंदी काळ्या, पांढऱ्या, गुलाबी दगडांची आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वर्दळीने ती गुळगुळीत झाली आहे. चाकांची बॅग तिच्यावर खडखडत, उलटत जाते आणि कुठेतरी चाक निखळतं. पाठीवरची 40 लिटरची सॅक, आठ-नऊ किलोपर्यंत, इतकंच न्या. खोली आरक्षित करताना ‘गाडी कुठपर्यंत येते आणि पुढे पायऱ्या किती’ हे मालकाला विचारा. फोटोत घर सुंदर दिसतं, पायऱ्या दिसत नाहीत. बुटांचा तळ रबरी आणि खाचा असलेला हवा. पावसात हे दगड साबणासारखे होतात, आणि ऑक्टोबर ते मार्च इथे पाऊस भरपूर. जुलै-ऑगस्टमध्ये उलट रणरणतं ऊन. मे किंवा सप्टेंबर गाठा.

एक मुक्काम हवाच. सारांदहून एका दिवसात जाऊन येणारे किल्ला बघतात आणि बाजारातून परततात. ऑटोमन काळातला इथला सत्ताधीश अली पाशा याने वाढवलेल्या या किल्ल्याला सकाळचे दोन तास द्या. आत तोफा आहेत, शस्त्रसंग्रहालय आहे, जुना तुरुंग आहे आणि तटावर एक अमेरिकन लष्करी जेट विमान पडून आहे. आत ओल आणि अंधार, म्हणून हलकं जाकीट आणि टॉर्च. मग झेकाते आणि स्केंदुली ही दोन जुनी घरं. चांगलं टिकून राहिलेलं ऑटोमन काळातलं गाव म्हणून जिरोकास्तर 2005 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं; त्याची दगडी पाट्यांची छपरं किल्ल्यावरून खाली बघताना सगळ्यात छान दिसतात. वेळ कमी असेल तर अल्बानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा एन्वर होजा याच्या जन्मघराच्या जागेवरचं संग्रहालय सोडलं तरी चालेल, झेकाते सोडू नका.

शाकाहारी लोकांची उपासमार होत नाही. पालक किंवा चीज भरलेला पापुद्र्यांचा ब्युरेक, भरली मिरची, सॅलड मिळतं. भाताचे गोळे तळून केलेले चिफ्ची ही इथली खासियत, पण त्यात अंडं असतं. ‘पा मिश’ म्हणजे मांसाशिवाय, एवढं पाठ करा. आणि मान सांभाळा: जुनी माणसं होकाराला मान दोन्ही बाजूंना हलवतात, नकाराला वरखाली. आपली मान डोलवण्याची सवय तिथे ‘हो’ म्हणून घेतली जाते आणि ताटात भलतंच येतं.

कॉर्फू या ग्रीक बेटावरून बोटीने येणार असाल तर घड्याळ सांभाळा. अल्बानिया ग्रीसच्या एक तास मागे आहे. सारांदच्या किनाऱ्यावर फोन अनेकदा समोरच्या कॉर्फूचं नेटवर्क पकडतो आणि आपोआप ग्रीक वेळ दाखवू लागतो, कधी परत स्थानिक. वेळ हाताने लावून ठेवा. तिकिटावरची वेळ ही बोट जिथून सुटते तिथली. उरलेले लेक बंदरावर पोहोचण्याआधी सारांदमध्येच युरो करून घ्या.