थंडरबर्डसाठी मदत मागताना

थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅममध्ये मेल येईनासे झाले किंवा प्रोग्रॅम वारंवार अडकू लागला, तर आधी ‘हेल्प’ मेनूतून ट्रबलशूट मोड सुरू करावा. त्यात अ‍ॅड-ऑन (वरून जोडलेल्या जादा सुविधा) बंद राहतात, त्यामुळे तेवढ्याने अडचण दूर झाली तर दोष बहुधा एखाद्या अ‍ॅड-ऑनचा असतो. जीमेल पासवर्ड नाकारत असेल, तर सर्व्हर सेटिंग्जमध्ये ‘ओऑथ२’ (गूगलच्या पानावरून लॉग-इन करण्याची पद्धत) निवडलेले आहे का, ते पाहावे.

तरीही न जमल्यास थंडरबर्डमागच्या मोझिला संस्थेच्या सपोर्ट संकेतस्थळावर प्रश्न विचारावा. तिथे उत्तरे देणारे बरेच जण स्वयंसेवक असतात, म्हणून ‘मेल चालत नाही’ एवढेच न लिहिता थंडरबर्डची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम आणि त्रुटीचा संदेश जसाच्या तसा द्यावा. पासवर्ड मात्र कुणालाही सांगू नये. थंडरबर्डची फोनवरून मदतसेवा नाही. शोधात सापडणारे असे क्रमांक फसवणुकीचे समजावेत.