पोरगा चालत नाहीये. ठेवायचा की सोडायचा?

आइस हॉकीत ड्राफ्टच्या (संघ आळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) पहिल्या फेरीत निवडलेला वीस वर्षांचा पोरगा चाळीस सामन्यांत चार गोल करून बसला की चाहत्यांचे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो विकून टाका, दुसरा म्हणतो वेळ द्या. गंमत म्हणजे दोघेही बघत असतात ते एकाच आकड्याकडे, गोल आणि असिस्टच्या (गोलला कारण ठरलेल्या पासच्या) बेरजेकडे, म्हणजे गुणांकडे. हा आकडा मी सगळ्यात शेवटी बघतो. त्याच्या आधी काय बघायचं, ते एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वात वरच्या लीगच्या, उदाहरणांवरून सांगतो.

सुरुवात मिनिटांपासून करा. सामना ६० मिनिटांचा. फॉरवर्ड, म्हणजे आक्रमक, तिघांच्या लाइनमध्ये आळीपाळीने उतरतात. त्यात पहिल्या लाइनचा फॉरवर्ड साधारण १८ मिनिटं बर्फावर असतो, चौथ्या लाइनचा जेमतेम १०. आता समजा एकाने ८० सामन्यांत २० गुण मिळवले, दर सामन्यात १० मिनिटं खेळून. म्हणजे ८०० मिनिटांत २०, तासाला दीड गुण. दुसऱ्याने ३० मिळवले, पण १८ मिनिटांच्या हिशेबाने १,४४० मिनिटांत, तासाला सव्वा. यादीत दुसरा वर दिसतो, प्रत्यक्षात पहिला पुढे आहे. पॉवर प्लेवरचे गुण मात्र बाजूला काढून हा हिशेब करा, नाहीतर समोर एक खेळाडू कमी असतानाची कमाईही त्यात मिसळते.

मग नशीब. फॉरवर्डच्या साधारण दहा शॉट्समागे एक गोल होतो. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला नेल याकुपोव्ह पहिल्याच, लांबी कमी झालेल्या मोसमात ४८ सामन्यांत १७ गोल करून गेला. शॉट्स होते ८१. म्हणजे पाचामागे एक! हे टिकणार नव्हतंच. पुढच्या मोसमात ६३ सामन्यांत ११ गोल झाले आणि पोरगा बिघडला अशी ओरड झाली. खरं तर पहिलं वर्षच फुगलेलं होतं. उलटही होतं. शॉट्स पूर्वीइतकेच येतायत, फक्त आत जात नाहीत, तर मी थांबतो. शॉट्सच आटले असतील तर काळजी करतो, आणि कुठे दुखापत लपवून खेळतोय का तेही विचारतो.

आकडे झाले की पक (हॉकीतली रबरी चकती) सोडून फक्त त्या पोराकडे बघा, एकच शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, पाऊण मिनिटाची. आपल्या भागात पक कडेच्या फळीला लागून त्याच्याकडे घरंगळत येतोय, समोरून बचावपटू अंगावर धावून येतोय. पक पोचायच्या आधी त्याने मान वळवून मागे कोण आहे ते पाहिलं का? पाहिलं असेल तर तो पक मधल्या साथीदाराला देतो, निदान काच धरून बाहेर तरी काढतो. नसेल तर धक्का खाऊन पक गमावतो, आणि प्रशिक्षक पुढची दहा मिनिटं त्याला बाकावर बसवतो. ही मान वळवायची सवय शिकवता येते. मंद स्केटिंग विशीत सुधारणं फार अवघड. दोष या दोन्हींपैकी कुठला, यावरच माझं अर्धं मत बनतं.

जो थॉर्नटनचा दाखला कोणीतरी देणारच. १९९७ चा पहिला निवडलेला, पहिल्या मोसमात ५५ सामन्यांत फक्त ७ गुण, कारकिर्दीअखेर १,५३९. दाखला खरा आहे, पण थॉर्नटन आठवतो तो थॉर्नटन झाला म्हणून. तशीच सुरुवात करून विस्मृतीत गेलेल्यांची यादी कोणी काढत नाही. त्याऐवजी त्याच पोराचा मागचा मोसम शेजारी ठेवा. तासाचे शॉट्स, प्रशिक्षक देत असलेली मिनिटं, यातलं काहीतरी वर सरकतंय का?

जागेचा प्रश्न वेगळाच. सॅम बेनेट २०१४ चा चौथा निवडलेला. २०२०-२१ मध्ये कॅलगरीकडून ३८ सामन्यांत १२ गुण. एप्रिलमध्ये फ्लोरिडाने त्याला घेतलं आणि वरच्या लाइनवर मधे खेळवलं. १० सामन्यांत १५ गुण! २०२५ मध्ये तो प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणून विकण्याआधी स्वतःला विचारा, याची खरी जागा आपल्याकडे रिकामी आहे का, की तिथे आधीच मोठ्या करारावरचा कोणी ठाण मांडून आहे? जागा नसेल तर पोरगा चांगला असूनही जाणं दोघांच्या हिताचं.

उरला करार, आणि निर्णयाची वेळ खरी इथे ठरते. १८ ते २१ वयात सही केलेला पहिला करार तीन वर्षांचा असतो. तो संपल्यावरही संघाचा हक्क सुटत नाही: संघाने ठरलेली किमान ऑफर दिली, तर दुसऱ्या संघाच्या बोलीची बरोबरी करून पोराला ठेवता येतं. अशा वेळी अर्धवट सिद्ध झालेल्याला एक-दोन वर्षांचा छोटा करार देणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. विक्री आत्ता केली तर भाव पडलेलाच मिळेल.

वेव्हर्सकडे, म्हणजे खाली पाठवताना खेळाडू आधी बाकी संघांपुढे ठेवायच्या नियमाकडे, मात्र डोळा ठेवा. सुरुवातीची काही वर्षं तरुणाला त्यातून सूट असते, म्हणून एएचएलमध्ये (एनएचएलच्या खालच्या लीगमध्ये) बिनधास्त पाठवता येतं, आणि पाठवावंच. तिथे त्याला २० मिनिटं आणि पॉवर प्ले दोन्ही मिळतात. ती सूट संपली की खाली पाठवताना कुठलाही संघ त्याला फुकटात उचलू शकतो. त्यामुळे सूट ज्या मोसमात संपते, त्याच्या आदल्या उन्हाळ्यातच वरचा सगळा हिशेब मांडून ठेवा.