गिनी पिग अन् उंदरांच्या पिंजऱ्याला आपोआप पाणी: घरच्या घरी लाइन कशी टाकायची

माझ्याकडे सहा गिनी पिग अन् चार पाळीव उंदीर आहेत, चार पिंजरे, नागपूरला मानेवाड्याच्या घरी मागच्या खोलीत कूलरच्या वाऱ्यात राहतात. आधी सात बाटल्या होत्या. रोज सकाळी सातही काढा, ब्रशने घासा, भरा, उलट्या लावा, अन् एखादी नीट नाही बसली तर रात्रभर टपकून रिकामी. याच्या उलट झालं ते जास्त वाईट होतं. मे महिन्यात, नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस) चालू, बाहेर पारा 45 च्या वर, एका बाटलीच्या नळीच्या टोकातली गोळी क्षाराने जाम झाली अन् मला दिवसभर समजलंच नाही कारण बाटली भरलेलीच दिसत होती. संध्याकाळी पाहते तर गिनी पिग कोपऱ्यात अंग फुगवून बसलेली, सकाळचं गवत जसंच्या तसं. वाटीतून पाणी दिलं तर मान वर न करता पीत राहिली. ती वाचली, पण त्या रात्री ठरवलं का आता लाइनच टाकायची.

सगळं काम उंचीवर चालते. मोटर नाही, लाइट गेली तरी फरक नाही. वर छोटी टाकी, तिच्यातून बारीक पाइप, पाइपच्या टोकाला पिंजऱ्यात निपल, जनावराने जिभेने दांडी ढकलली का पाणी येते, सोडली का बंद. मोठ्या लॅबमधे उंदरांच्या रॅकला अशीच लाइन असते, फक्त तिथं दाब कमी करायला रेग्युलेटर लावतात. घरी तो दाब आपण टाकीच्या उंचीने सांभाळायचा. हिशोब असा का पाण्याची 10 मीटर उंची म्हणजे साधारण 1 बार दाब. गच्चीवरची टाकी निपलपासून 5 मीटर वर असली तर अर्धा बार झाला, अन् या छोट्या निपलला तो फार होतो, एकतर सतत टपकते नाहीतर पिचकारी उडते अन् जनावर घाबरून परत तोंडच लावत नाही. म्हणून गच्चीच्या टाकीला किंवा नळाला डायरेक्ट जोडू नका. टाकीचा तळ निपलपासून अर्धा मीटर वर ठेवून सुरुवात करा, पाणी कमी येते वाटलं तर थोडी उचला, टपकते वाटलं तर खाली घ्या. अन् पिंजरे एकावर एक असले तर सगळ्यात खालच्या निपलवर दाब सगळ्यात जास्त, मोजमाप तिथूनच धरा.

टाकी किती मोठी? मोठा उंदीर दिवसाला 25 ते 50 मिली पितो, छोटा पांढरा उंदीर 5 मिलीच्या आसपास, गिनी पिगला वजनाच्या किलोमागे 100 मिली धरा, उन्हाळ्यात बरंच जास्त. माझ्याकडे हे रोजचं पाऊण लिटर होते, मे महिन्यात लिटरच्या वर जाते. मी पाच लिटरची झाकणवाली कॅन घेतली. याच्यापेक्षा मोठी नको, कारण एखाद्या रात्री निपल उघडं राहिलं तर टाकीत जेवढं असेल तेवढं सगळं पिंजऱ्यात येईल. पंचवीस लिटरचा ड्रम ठेवला का महिनाभर पाहायला नको असं ज्यांना वाटते त्यांनी याचा विचार करावा. झाकणाला वरून एक बारीक छिद्र पाडा, नाहीतर आत हवा जाणार नाही अन् पाणी उतरणं थांबेल.

अन् कॅनवर बाहेरून कागदी टेपची पट्टी लावून दर पाव लिटरला पेनाने रेघ मारा. हे काम फालतू वाटेल पण माझ्या मते पूर्ण लाइनमधलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. बाटली असली का कोण किती प्यायलं हे डोळ्याला दिसते, लाइन टाकली का ते दिसणं बंद होते. रोज ठरलेल्या वेळी रेघ पाहून कॅलेंडरवर आकडा लिहायचा. पाऊण लिटर पिणारं घर एक दिवस अचानक अर्ध्यावर आलं तर कुठंतरी निपल जाम आहे नाहीतर कोणी आजारी आहे, दीड लिटर झालं तर कुठंतरी गळते.

पाइपसाठी मी आधी ठिबकची काळी नळी पाहिली, आपल्याकडे संत्र्याच्या बागांमुळे ती कुठंही मिळते अन् काळी असल्यामुळे शेवाळ धरत नाही, पण मला पिण्याच्या पाण्यासाठीच बनलेली पाइप पाहिजे होती म्हणून आरओची पाव इंची घेतली. दुकानात गेली, म्हटलं भाऊ पंधरा फूट पाइप द्या, टी (तीन तोंडांचा जोड) अन् एल्बो (वळणाचा जोड) द्या, एक छोटा व्हॉल्व द्या. त्यांनी विचारलं ताई घरी आरओ कोणता आहे, मी सांगितलं आरओ नाही, गिनी पिगला पाणी द्यायचं आहे. ते हसले, पण कामाची गोष्ट त्यांनीच सांगितली: "पाइप कात्रीने कापू नका, ब्लेडने सरळ कापा, तिरपी कापली का गळतेच." अन् फिटिंगमधे पाइप घातली का आधी एकदा अडल्यासारखी वाटते, तिथं थांबायचं नाही, आणखी जोर लावून आत ढकलायची, मग ओढून पाहायची. पांढऱ्या पाइपवर उजेड पडून शेवाळ धरते म्हणून तिला वरून काळी टेप गुंडाळली.

निपल सशाचे मिळतात ते गिनी पिग अन् मोठ्या उंदरांना चालतात. पितळी किंवा स्टीलचे घ्या, प्लास्टिकचे असले तर उंदीर एका आठवड्यात कुरतडून टाकतात. काहींच्या आत स्प्रिंग असते, ती कडक असली तर हॅमस्टर अन् छोट्या उंदरांना दांडी ढकलवत नाही, म्हणून घेताना करंगळीच्या टोकाने हलकं दाबून पाहा. प्रत्येक कंपनीच्या निपलची मागची बाजू वेगळी असते, निपल खिशात घालून फिटिंगच्या दुकानात जा अन् तिथंच बसवून पाहा. एका पिंजऱ्याला कमीत कमी दोन निपल पाहिजेतच, एक जाम झालं तर दुसरं चालू राहते.

जोडणी अशी. कॅनच्या तळापासून बोटभर वर छिद्र करून टाकीचं कनेक्टर बसवा, म्हणजे तळाचा गाळ पाइपमधे जाणार नाही, त्याच्या पुढं व्हॉल्व, त्याच्या पुढं बारीक जाळीचा फिल्टर कारण रेतीचा एक कण निपलमधे बसला का ते बंदच होत नाही. मग मेन पाइप पिंजऱ्यांच्या मागून एकाच उताराने न्या, मधे उंटाच्या पाठीसारखी वर उचलू नका, तिथं हवा अडकते अन् पुढच्या पिंजऱ्याला पाणीच जात नाही. जिथं पिंजरा तिथं टी. शेवटी पण एक टी लावा, तिच्या खालच्या तोंडाला लाइन धुवायचा व्हॉल्व अन् वरच्या तोंडाला पारदर्शक पाइपचा तुकडा, तो टाकीच्या पातळीच्या वर नेऊन उघडा ठेवा. त्याच्यातून अडकलेली हवा निघून जाते अन् लाइनमधे कुठंपर्यंत पाणी आहे ते पण दिसते. पाइप कुठंही पिंजऱ्याच्या आत नको, फक्त निपलचं धातूचं टोक आत.

निपलची उंची जनावराच्या नाकाच्या रेषेत किंवा थोडी वर, मान उचलून पिता आली पाहिजे. पिल्लं असली तर एक निपल खाली लावा. पण भुसा अन् गवत निपलला टेकता कामा नये, हे कितीदा सांगितलं तरी कमीच. माझ्याकडे पहिल्याच महिन्यात झालं. सकाळी पाचला उठली तर खोलीत ओल्या गवताचा वास, ट्रेमधे दोन बोटं पाणी, दोन्ही गिनी पिग पिंजऱ्यातल्या छोट्या घराच्या छपरावर चढून बसलेल्या, पोटाचे केस ओले. निपल पाहिलं तर दांडी अन् कडेच्या मधे गवताची एक काडी अडकलेली, कानातल्या काडीएवढी पण नाही, तेवढ्यावर दांडी तिरपी राहिली अन् रात्रभर धार चालू. उकाडा होता म्हणून निभावलं, डिसेंबरात ओल्या अंगाने रात्र काढली असती तर काय झालं असतं ते मला बोलवत नाही, छोटे उंदीर तर अशा ओल्यात गारठून मरतात. तेव्हापासून गवताचं रॅक निपलच्या समोरच्या भिंतीला आहे, अन् निपलच्या खाली बाहेर निघणारा छोटा ट्रे आहे म्हणजे टपकलेलं पाणी पिंजऱ्याच्या बाहेर जाते.

जनावरं जोडायच्या आधी लाइन पूर्ण एक दिवस रिकाम्या पिंजऱ्यावर चालवा. प्रत्येक जोडाखाली जुन्या पेपरचा तुकडा ठेवा, ओला डाग पडला का कुठं गळते ते लगेच दिसते.

नंतर पण बाटल्या एकदम काढू नका. एक आठवडा बाटली अन् निपल दोन्ही. दांडी दाबून पाण्याचा थेंब टोकाला आणा, उंदीर वासाने येतात अन् एका दिवसात शिकतात, गिनी पिगला वेळ लागतो, काकडीचा रस टोकाला चोळला तर लवकर तोंड लावतात. प्रत्येकाला पिताना डोळ्याने पाहिल्याशिवाय बाटली काढायची नाही, अन् त्या दिवसांत रोज किचनच्या काट्यावर वजन करा. पाणी कमी पडलं का आधी खाणं कमी होते. गिनी पिगने अर्धा दिवस काहीच खाल्लं नाही तर थांबू नका, डॉक्टरकडे न्या, सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय कॉलेज आहेच.

रोज सकाळी प्रत्येक निपल बोटाने दाबायचं, पाणी आलं का पाहायचं, बोट फिरवून बुळबुळीत लागते का पाहायचं. दहा निपलला दोन मिनिटं लागतात. टाकीतलं पाणी दर दोन दिवसांनी बदला, शेवटचा व्हॉल्व उघडून जुनं पाणी जाऊ द्या. पंधरा दिवसांनी जनावरांना बाटलीवर घेऊन लाइन धुवा: साधं घरगुती ब्लीच, सुगंधवालं नाही, लिटरला 1 मिली, अर्धा तास पाइपमधे ठेवून निपल पण दाबून घ्या, मग वास पूर्ण जाईपर्यंत साधं पाणी सोडा. बोअरचं पाणी वापरत असाल तर निपलवर पांढरा थर चढतो, तो काढायला निपल काढून व्हिनेगरमधे बुडवा. पण ब्लीच अन् व्हिनेगर एकाच दिवशी एकाच पाइपमधे कधीच नाही, त्याच्यातून विषारी क्लोरीन गॅस निघतो. गिनी पिगसाठीचे व्हिटॅमिन सीचे थेंब टाकीत टाकू नका, पाण्यात ते टिकत नाहीत अन् लाइन चिकट होते, त्याच्यापेक्षा शिमला मिरचीचा तुकडा द्या, पेरू द्या.

उन्हाळ्यात बारीक पाइपमधलं पाणी लवकर तापते. बाल्कनीत पिंजरे असतील तर दुपारी निपलचं पाणी हाताला गरम लागेल, ते जनावर पीत नाही. टाकी अन् पाइप दोन्ही सावलीत, कूलरच्या खोलीत असू द्या. अन् दुपारी दोनला एकदा शेवटचा व्हॉल्व उघडून पाइपमधलं तापलेलं पाणी काढून टाका.

गावाला जायचं असलं तर मी शेजारच्या काकूंना किल्ली देते अन् दोनच कामं सांगते, सकाळ-संध्याकाळ कॅनच्या रेघेचा फोटो पाठवा अन् दहाही निपल बोटाने दाबून पाहा. मागच्या वेळी त्यांनीच फोन करून सांगितलं, "अगं, उंदरांच्या पिंजऱ्यातलं उजवीकडचं दाबलं तर पाणी नाही येऊन राहिलं." दुसरं चालू होतं म्हणून घाई नव्हती, मी रात्री येऊन ते बदललं.