आपल्या नोडची खाडी शोधायची कशी

नवी मुंबईत ऐरोली नोडमध्ये (नोड म्हणजे नवी मुंबईचा आखून वसवलेला एकेक भाग) राहायला आलो तेव्हा खाडी म्हणजे पुलावरून जाताना दिसणारं काळपट पाणी, एवढीच माझी ओळख. पण रविवारची एक सकाळ काढली तर तुमच्या बिल्डिंगखाली आधी काय होतं ते कळू शकतं, कसं ते सांगतो.

सुरुवात फ्लेमिंगोपासून करू नका. ते बघाच, २०१५ ला अभयारण्य झालं, २०२२ ला ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली, सगळं छान आहे, पण फोटो सगळे त्या पक्ष्यांचे निघतात आणि कोळीवाड्याकडे कोणी बघत नाही.

आधी पाणी कधी येतं ते काढा. कॅलेंडरवरची तिथी घ्या, तीनने गुणा, चारने भागा, साधारण तेवढे वाजता पूर्ण भरती, रात्री आणि दिवसा दोन्ही वेळा. म्हणजे चतुर्थीला तीनच्या आसपास, अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायचं. खाडीत आत पाणी पोचायला थोडा उशीर होतो तो धरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, त्यामुळे चतुर्थी-पंचमीचा रविवार आला तर बेस्ट, सकाळी नऊ-दहाला चिखल उघडा पडतो आणि तिवरांच्या (खारफुटीच्या) मुळांत निवट्या उड्या मारताना दिसतात, मासा असून चिखलावर सरपटतो, पोरं खूश.

मग गावठाण गाठा. घणसोली, दिवाळे, सारसोळे, करावे, जे जवळ असेल ते. जुनं गाव बहुतेक जरा उंचावर असतं आणि आपले सेक्टर खाली, कारण खाली खाजण होतं, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी जमीन. कुठे मिठागरं, कुठे बांध घालून केलेली भातशेती. आगरी हा शब्दच आगरावरून, म्हणजे मिठागरावरून आलाय असं सांगतात. १९७० मध्ये सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) आली आणि याच जमिनींवर शहर उभं राहिलं. वाशीचा पूल १९७३ चा, त्याआधी रस्त्याने मुंबईला जायचं तर ठाण्याला वळसा.

गावात गेल्यावर "इथला इतिहास काय?" असं विचारू नका, "काय नाय" असं उत्तर येतं, मला आलंय. "आधी पाणी कुठपर्यंत यायचं?" आणि "कुठली मासळी आता मिळत नाही?" हे विचारा, मग बघा. मला एका काकांनी उठून थेट पार्किंगपर्यंत नेलं, "इथवर पानी यायचा" म्हणाले, आणि गाड्यांकडे बोट दाखवून सांगितलं की तिथे उघाडी होती. उघाडी म्हणजे बांधातलं दार, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही. आता गंमत बघा, नवी मुंबईत जे होल्डिंग पाँड आहेत ना, त्यांची झडपंही हेच काम करतात, भरतीला बंद, ओहोटीला पावसाचं साठलेलं पाणी खाडीत. नाव बदललं, युक्ती तीच. तुमच्या सेक्टरजवळ असा तलाव असेल तर ओहोटीच्या वेळी झडपेपाशी पाच मिनिटं उभे राहा, वास सहन करून.

ठाण्याच्या बाजूला राहत असाल तर चेंदणी कोळीवाड्यापासून चाला. मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला म्हणजे आजचं सेंट्रल जेल. रेल्वे १८५३ ला ठाण्यापर्यंत आली, खाडी ओलांडून कल्याणला १८५४ ला गेली.

घरी येऊन गूगल अर्थ उघडा, जुन्या वर्षांच्या इमेज लावा आणि काकांनी दाखवलेली जागा शोधा. त्याच्या मागचं हवं असेल तर ठाणे जिल्ह्याचं १८८२ चं गॅझेटियर नेटवर फुकट आहे, खाडी, मीठ, मासेमारी सगळं त्यात सापडतं, इंग्रजी जुनं आणि कंटाळवाणं आहे पण आपल्या गावाचं नाव दिसलं की झोप उडते.

आणि हो, चिखल वरून सुकलेला दिसला तरी बांध सोडून खाली उतरू नका. मी दोन पावलं उतरलो होतो, एक बूट अजून तिथेच आहे.