प्लेज म्हणायची की नाही, हे शाळा सुरू होण्याआधी घरी ठरवा: विदर्भातून अमेरिकेत लेकरं घेऊन येणाऱ्यांसाठी

जिल्हा परिषदेच्या शाळेत परिपाठाला लेकरू रांगेत उभं राहतं. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, प्रार्थना, सगळं ठरलेल्या क्रमाने होतं आणि म्हणायचं की नाही हा प्रश्न कोणाला पडत नाही. अमेरिकेच्या सरकारी शाळेत सकाळी 'प्लेज', म्हणजे अमेरिकेच्या झेंड्याशी निष्ठेची प्रतिज्ञा, म्हणतात. तिथे तो प्रश्न पहिल्याच सकाळी पडू शकतो, आणि तेव्हा तुम्ही वर्गात नसता. वरूड, पुसद, दर्यापूर, आर्वी, कुठूनही या. पण आपल्याकडच्या शाळा जूनअखेरीस उघडतात आणि टेक्सासमधल्या बऱ्याच शाळा ऑगस्टच्या मध्यावर, न्यू जर्सीतल्या सप्टेंबरमध्ये. मधल्या त्या आठवड्यांत एक संध्याकाळ या विषयासाठी ठेवा. लेकराला तयारीविना पाठवलं तर ते शेजारच्या मुलाकडे बघून, नाहीतर घाबरून, काहीतरी करतं. निवड त्याची स्वतःची असावी, एवढ्यासाठी हे लिहितो आहोत.

आधी विधी कसा असतो ते बघा. आपल्यासारखी मैदानावर रांग नसते. सकाळी पहिल्या तासाला वर्गातल्या स्पीकरवरून सूचना येतात, त्यांच्या सुरुवातीला किंवा शेवटी 'प्लेज ऑफ अलीजन्स'. वर्गात कोपऱ्यात झेंडा असतो, मुलं उठून त्याच्याकडे तोंड करतात, उजवा हात छातीवर डाव्या बाजूला ठेवतात आणि एकसुरात ३१ शब्द म्हणतात. पंधरा-वीस सेकंदांत आटोपतं. अर्थ साधारण असा: अमेरिकेच्या ध्वजाशी, आणि तो ज्या प्रजासत्ताकाचा आहे त्याच्याशी, मी निष्ठेची प्रतिज्ञा करतो, ईश्वराच्या अधीन असलेलं एक राष्ट्र, अविभाज्य, सर्वांना स्वातंत्र्य आणि न्याय देणारं.

इथे एक गोष्ट पहिल्याच दिवशी चुकते. आपल्याकडे प्रतिज्ञेला उजवा हात समोर सरळ धरतात. सवयीने लेकरू तिथेही तोच हात पुढे करतं. अमेरिकेत १९४२ पर्यंत प्लेजला हात असाच झेंड्याकडे लांब करायचे, पण नाझी सलामीसारखा दिसतो म्हणून त्या वर्षी पद्धत बदलून हात छातीवर आणला. आज तिथे वर्गात समोर ताणलेला हात म्हणजे नाझी सलामी, असाच अर्थ काढतात, आणि लेकराला स्वतःची बाजू सांगण्याइतकं इंग्रजी अजून येत नसतं. म्हणून प्लेज म्हणायची असो की नसो, हात समोर करायचा नाही, हे घरी दोन-तीनदा करून दाखवा. लहान लेकराला नुसतं सांगून हे लक्षात राहत नाही.

आता हक्काचं. प्लेज १८९२ साली फ्रान्सिस बेलामीने लिहिली आणि पुढे अनेक राज्यांतल्या शाळांत ती सक्तीची झाली. यहोवाज विटनेसेस या पंथाची मुलं कोणत्याही झेंड्याला वंदन करत नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढलं जाई. १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी शाळांची बाजू घेतली. वेस्ट व्हर्जिनियात नियम असा होता की मूल वंदन करत नसेल तर शाळेतून काढा, ते घरी बसलं की त्याला बेकायदा गैरहजर धरा, आणि आईबापांवर खटला भरा: ५० डॉलरपर्यंत दंड, ३० दिवसांपर्यंत कैद. १४ जून १९४३ रोजी, दुसरं महायुद्ध चालू असताना, त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आपला आधीचा निकाल फिरवला. खटल्याचं नाव 'वेस्ट व्हर्जिनिया शिक्षण मंडळ विरुद्ध बार्नेट'. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा की राष्ट्रप्रेम, धर्म, राजकारण यांत काय मानावं हे कोणताही लहानमोठा अधिकारी ठरवू शकत नाही आणि कोणाकडून तोंडाने वदवून घेऊ शकत नाही. निकाल धर्मावर नाही, अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर उभा आहे. त्यामुळे 'आमच्या धर्मात बसत नाही' असं सिद्ध करावं लागत नाही. नागरिक नसलेल्या, एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर) आलेल्या लेकरालाही हे संरक्षण आहे.

म्हणजे सरकारी शाळेत लेकरू तीनपैकी काहीही करू शकतं: म्हणू शकतं, गप्प उभं राहू शकतं, गप्प बसून राहू शकतं. 'म्हणू नको, पण आदर म्हणून उभा तरी राहा' हे शिक्षकांच्या तोंडी सर्रास ऐकू येतं. न्यूयॉर्कच्या एका खटल्यात १९७३ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की उभं राहणं हाही त्या विधीचाच भाग आहे, म्हणून उभं राहायची सक्ती नाही. आणि 'उभा राहत नसशील तर वर्गाबाहेर जा' हा पर्यायही लादता येत नाही. न्यू जर्सीच्या कायद्याच्या पुस्तकात मात्र, न म्हणणाऱ्याने सावधान उभं राहावं, असं वाक्य अजून छापलेलं आहे. १९७८ मध्येच अपील न्यायालयाने ती सक्ती घटनाबाह्य ठरवली. शिक्षक पुस्तकातलं वाक्य दाखवतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात, त्यांना निकाल माहीत नसतो. आवाज न चढवता निकालाचं नाव सांगा: 'लिप विरुद्ध मॉरिस'.

राज्याराज्यांत फरक आहे, तो बघूनच पाऊल टाका. टेक्सासमध्ये रोज दोन प्रतिज्ञा होतात, एक देशाच्या झेंड्याची, दुसरी टेक्साससाठी, आणि त्यानंतर एक मिनिट शांतता. तिथे पालकाने लेखी मागितलं की शाळेने लेकराला प्रतिज्ञा म्हणण्यातून सूट द्यायलाच हवी. शांततेचं मिनिट मात्र सर्वांना पाळावं लागतं. त्यात प्रार्थना करा, मनात पाढे म्हणा, कोणी विचारत नाही. फ्लोरिडातही पालकाची लेखी विनंती लागते, आणि २००८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती अट वैध धरली. पण सूट मिळालेल्या मुलाला उभं राहायला लावता येत नाही, हेही त्याच निकालात आहे. खाजगी शाळेत यातलं काहीच लागू नाही. घटनेचं बंधन सरकारवर आहे, खाजगी संस्थेवर नाही. तिथे प्रवेशाच्या आधीच विचारून घ्या.

पत्र सगळ्याच राज्यांत दिलेलं बरं, कायद्याने लागो न लागो. चार ओळी पुरतात: लेकराचं नाव आणि इयत्ता, ते प्लेजमध्ये भाग घेणार नाही, त्या वेळात ते जागेवर शांत बसेल (किंवा उभं राहील, ठरवलं असेल ते), ही सूचना वर्गशिक्षक आणि बदली शिक्षक दोघांनाही द्यावी. कारण लिहू नका. कारण लिहिलं की त्यावर चर्चा सुरू होते, आणि ती चर्चा तुमच्यावर बंधनकारक नाही. ईमेलने मुख्याध्यापकांना, प्रत वर्गशिक्षकाला. 'मिळालं' असं उत्तर आलं की त्याची छपाई काढून लेकराच्या दप्तरात पुढच्या कप्प्यात ठेवा.

बदली शिक्षकांचा उल्लेख मुद्दाम केला. वर्गशिक्षकाशी सगळं नीट बोलून झालेलं असतं, आणि एखाद्या दिवशी ते रजेवर जातात. नव्या माणसाला काहीच माहीत नसतं, त्याला बसून राहिलेलं पोर उद्धट वाटतं. अशा वेळी लेकराने वाद घालायचा नाही. एक वाक्य पाठ करून ठेवा: 'नो थँक यू, आय विल सिट क्वायटली.' बाहेर पाठवलं तर जायचं, ऑफिसात पाठवलं तर तिथे पत्र दाखवायचं, आणि घरी आल्यावर तारीख, वेळ, कोण काय बोललं ते सांगायचं. तुम्ही ते त्याच रात्री लिहून काढा. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना ईमेल. तिथे सुटलं नाही तर डिस्ट्रिक्टचे सुपरिंटेंडेंट, मग स्कूल बोर्ड. शिक्षा झाली, गुण कापले, खेळाच्या संघातून काढलं, तर त्या राज्याच्या 'एसीएलयू'ला, म्हणजे नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेला, कळवा. अशा प्रकरणांत मुलांची बाजू मांडण्याचा त्यांचा अनुभव जुना आहे.

हक्क गप्प राहण्याचा आहे, व्यत्यय आणण्याचा नाही. इतर मुलं म्हणत असताना हसणं, कुजबुजणं, मोबाईल काढणं चालणार नाही, आणि त्यावर शिक्षा झाली तर बार्नेटचा निकाल तिच्या आड येत नाही. हे लेकराला स्पष्ट सांगा.

आता म्हणायची की नाही? आमचं मत असं की पाच-सहा वर्षांच्या लेकराला सगळ्यांबरोबर म्हणू द्यायला हरकत नाही. भाषा आणि मैत्री दोन्ही जुळायला मदत होते. मोठ्या मुलामुलींना अर्थ समजावून त्यांनाच विचारा. बापाला वाटतं म्हणून पोरीने बसून राहायचं, किंवा तिला बसायचं असताना आईने दटावून उभं करायचं, दोन्ही चूक. वर्गातल्या नजरा तिला झेलायच्या असतात.

आपल्या भागातल्या बऱ्याच बौद्ध घरांना 'अंडर गॉड' हे दोन शब्द खटकतात. ज्यांच्या आजी-आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या घरातल्या लेकराने रोज सकाळी ईश्वराच्या नावाची प्रतिज्ञा का म्हणावी, हा प्रश्न रास्तच आहे. मूळ प्लेजमध्ये हे शब्द नव्हते. अमेरिकेच्या संसदेने १९५४ मध्ये ते घातले. बाकी सगळी प्लेज म्हणून एवढ्या दोन शब्दांना गप्प राहता येतं. त्यासाठी पत्रही लागत नाही, कोणाच्या लक्षातही येत नाही. ज्यांना परक्या झेंड्याची निष्ठाच जड वाटते त्यांच्यासाठी गप्प उभं राहणं हा सगळ्यात कमी ताणाचा मार्ग आहे.

गावाकडून फोन येतो तेव्हा दोन उलट भीती ऐकू येतात. एक, पोराने अमेरिकेची शपथ घेतली म्हणजे त्याचं भारतीयत्व गेलं का? नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्यावर भारतीय नागरिकत्व जातं. वर्गातली प्लेज म्हणजे नागरिकत्व घेणं नव्हे. नागरिक होतानाची शपथ वेगळी, ती अर्जाच्या प्रक्रियेत सरकारसमोर होते. दुसरी भीती, ज्यांचं मीठ खातो त्यांच्या झेंड्याला बसून राहायचं, व्हिसा काढून घेतील! व्हिसाच्या किंवा ग्रीन कार्डच्या अर्जात लेकरू प्लेज म्हणतं का, हा प्रश्न नसतो. आणि मिठाचं म्हणाल तर, हा हक्क त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने भर युद्धात दिलेला आहे. तो वापरणं हा त्या देशाचा अपमान होत नाही.

सुट्टीत गावी आलात की नियम बदलतात, हेही लेकराला सांगा. केरळमधली तीन भावंडं जन-गण-मनला आदराने उभी राहत, पण म्हणत नसत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढलं आणि ११ ऑगस्ट १९८६ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. 'बिजो इमॅन्युएल' निकाल तो हाच. म्हणजे इथे न म्हणण्याला संरक्षण आहे. पण ती मुलं उभी राहत होती, आणि बसून राहण्याबद्दल अमेरिकेसारखा निकाल आपल्याकडे आहे असं धरून चालू नका. राष्ट्रगीताचा आदर हे घटनेच्या कलम ५१-क मधलं मूलभूत कर्तव्य आहे, आणि १९७१ च्या कायद्याने राष्ट्रगीतात मुद्दाम अडथळा आणणं हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. १५ ऑगस्टला ग्रामपंचायतीसमोर झेंडावंदन असेल तर लेकराने ५२ सेकंद शांत उभं राहावं. ओठ हलवायचे की नाही ते त्याचं त्याने ठरवावं. परत गेल्यावर नवीन इयत्ता, नवीन शिक्षक, म्हणून पत्रही नवीन तारखेचं द्या. राज्य बदललं असेल तर नव्या शाळेच्या स्टुडंट हँडबुकमधलं प्लेजचं पान आधी वाचा.